रिठातलं टिंब

पाठराखीण म्हणून भाचीच्या सासरी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत साड्या कमी आणि वायरी जास्त होत्या. लॅपटॉप, त्याचा चार्जर, गाडीच्या लायटरमध्ये खुपसायचं एक खटलं आणि जीपीएसची काळी डबी. ही डबी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, बुडाला लोहचुंबक. गाडीच्या टपावर ठेवली की घट्ट चिकटते, आभाळातल्या उपग्रहांकडून आपली जागा काढते आणि वायरशिवाय, शंभर पावलांवरूनही, लॅपटॉपला कळवते. मग पडद्यावरच्या नकाशात एक लाल टिंब गाडीबरोबर सरकत राहतं. हे सगळं भरताना वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ताई, लग्नाले आल्या का मोजणीले?"

मी यवतमाळात उभा जन्म भूगोल शिकवला. नकाशा न घेता घराबाहेर पडायचं म्हणजे मला उघड्या पायांनी चालल्यासारखं वाटतं. आता फोनमध्येच सगळं असतं, हे मला लहानथोर सगळे ऐकवतात. तीच माणसं पांढरकवड्याच्या पुढं गेली की फोन खिडकीबाहेर धरून रेंज शोधत बसतात. माझ्या लॅपटॉपला रेंज लागत नाही. शिवाय त्यात जुने सर्व्हेचे कागदी नकाशे मी स्कॅन करून घातलेत, अक्षांश-रेखांशांवर नीट बसवलेत आणि वर एकेका गावाची शीव, म्हणजे हद्दीची रेघ, जोडली आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्याच्या सुट्ट्या गेल्या त्यात. लोकांनी पापड घातले, मी शिवा घातल्या.

पोरगी माझ्या भावाची एकुलती. बोलायला लागली की समोरच्याचा चहा थंड व्हायचा, एवढी बडबडी. पण हळद लागली आणि तिची वाचाच बसली. विचारलं तर मान हलवायची. ती मान होकाराची की नकाराची, तेही धड कळत नव्हतं. मुलाला नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. झरी जामणीच्या पुढच्या एका गावात त्याचं बी-बियाण्याचं दुकान, घरची कापूस-तुरीची शेती, स्वभावानं गरीब. मी तिला आदल्या दिवशी खोलीत घेऊन सरळ विचारलं होतं, "मनाविरुद्ध चाललंय का काही?" तिनं मान हलवली आणि केसातली पिन काढून परत लावली.

बोरी अरबहून गाडी सुटताना भाऊ माझ्या खिडकीशी आला. डोळे सुजलेले. हळूच म्हणाला, "ताई, पोरगी बोलून नाही राह्यली. मले काई समजत नाही. तू संग हायेस म्हणून धाडतो. हिले जपून ने." मी म्हटलं, सगळ्याच पोरी गप्प होतात, तू जेव जाऊन. म्हटलं खरं, पण तो एवढ्याशा आवाजात बोलला ते माझ्या पोटात जाऊन बसलं. पोरीला सांभाळून पोचवायचं आणि हिच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं, एवढं एकच काम माझ्याकडं होतं.

पुढं ड्रायव्हर आणि नवरदेव. मागं खिडकीशी मी, मधे नवरी, दुसऱ्या खिडकीशी नवरदेवाची मोठी माय, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सासरकडची वडीलधारी बाई म्हणून तीच नवरी घ्यायला आलेली. वाळकी, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर लिंबांची पिशवी. त्यांच्या घरची रीत अशी की नवरीची गाडी ज्या ज्या गावाची शीव ओलांडेल तिथं तिथं नवरीवरून लिंबू उतरवून बाहेर टाकायचं. वाटेतल्या कुठल्याच गावानं पोरीला अडवून ठेवू नये म्हणून.

आता शीव ओळखायची कशी? मोठ्या मायला खुणा पाठ होत्या. इथं बाभूळ, तिथं दगड, पुढं ओढ्यावरचा फरशीपूल. पण रस्ता रुंद करताना बाभूळ गेली, दगड गेला आणि फरशीपुलाच्या जागी मोठा पूल आला. तिनं पहिल्या दोन शिवा चुकवल्या आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "शीव मागंच गेली, विहीणबाई." तिनं लॅपटॉपकडं संशयानं बघितलं. पुढची शीव मी आधी सांगितली आणि नेमकी तिथं पाटी निघाली तेव्हा तिचा चेहरा खुलला. मग काय, आमची दोघींची भागीदारी जमली. ती विचारायची, "आली का ईनबाई?" टिंब रेघेला टेकलं की मी म्हणायची, "आली." की लिंबू फिरलं पोरीभोवती आणि गेलं खिडकीबाहेर.

पोरगी आमच्यामधे बसून होती. तोंडासमोरून लिंबू जायचं, यायचं, ती पापणीही हलवत नव्हती. नजर मात्र माझ्या पडद्यावर. टिंब जिकडं जाईल तिकडं तिची नजर. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान कशात तरी जीव रमतोय.

यवतमाळात फोटोवाल्यानं वेळ खाल्ला, पांढरकवड्यात नवरदेवाच्या मित्रांनी. तिथून पुढं निघालो तेव्हा उन्हं कलली होती. एप्रिलचे दिवस, सागाची पानं गळून गेलेली, दोन्ही बाजूंना नुसते उभे खराटे. रस्त्यावर आमच्याशिवाय वाहन नव्हतं. एक शीव झाली, दुसरी झाली. मग टिंब एका नव्या रेघेला लागलं आणि मी सवयीनं गावाचं नाव वाचलं. नावापुढं कंसात लिहिलं होतं, रीठ.

रीठ म्हणजे सरकारदरबारी नाव असलेलं पण वस्ती नसलेलं गाव. साथ आली, पाणी आटलं, काहीतरी झालं आणि लोक उठून गेले. शेतं शेजारच्या गावांनी वाहिली, नाव कागदावर राहिलं. आपल्या जिल्ह्यात अशी रिठं बरीच आहेत. रोज त्यांच्यावरून जातो आणि आपल्याला पत्ता नसतो.

मोठ्या मायचा लिंबू धरलेला हात तसाच राहिला. "काय नाव घेतलं?"

मी पुन्हा वाचलं.

"ते आमचं गाव व्हय," ती म्हणाली. "आमच्या घरचं मूळ गाव. पटकीत उठलं. मी नवी नवरी होती तवा सासूनं बैलगाडीत आणलं होतं मले इथं, मारुतीच्या पाया पडाले. मंग वाट मोडली, जंगल वाढलं. माह्या मागून घरात आलेली एकबी सून इथं आली नाही." मग पडद्याकडं वाकून एकदम पोरीसारख्या आवाजात म्हणाली, "मारुती दाखवते का हे?"

मी जुना नकाशा मोठा केला. गावठाणाची जागा आली. घरांचे बारके काळे ठिपके, मधून गेलेली गल्लीची तुटक रेघ, एक देवळाची खूण, दुसऱ्या टोकाला विहिरीचं वर्तुळ. "दाखवतं," मी म्हटलं. छाती दोन इंच फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

नवरदेव कुरकुरला, अंधार पडेल म्हणाला. "माणसं गेली म्हणून काय झालं, देव तर हाय ना," मोठी माय म्हणाली आणि ड्रायव्हरनं गाडी पांदणीत घातली. काट्यांनी दोन्ही बाजू ओरबाडत गाडी हळूहळू पुढं गेली आणि एका मोकळ्या जागी वाट संपली.

मी अशी उठलेली गावं पुस्तकात शिकवली होती, पायाखाली घेतली नव्हती. गावठाणाच्या मातीला आपल्याकडं पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या राख आणि भिंतींची माती मुरून ती तशी होते. भोवतीचं रान काळं आणि ही तेवढीच जमीन पांढरी. सूर्य झाडांमागं गेला होता, पण खालून उजेड येत होता. जिथं तिथं सीताफळाची झुडपं. अंगण असावं तिथं कडुनिंब. जोत्यांचे दगड ओळीनं होते आणि एका जोत्यापुढं जमिनीत रुतलेलं उखळ, आत वाळली पानं. कुठं काही हललं नाही. माझ्या मानेवर मात्र काटा आला. मी स्वतःलाच म्हटलं, बाई, तू रिटायर्ड मास्तरीण आहेस, शोभतं का हे.

मोठी माय खाली उतरली आणि पोरीला म्हणाली, "तू आत्ताच खाली पाय ठेवू नको बाई. आधी मारुती सापडू दे, शेंदूर लावतो, मंग तुले नेतो." ती, नवरदेव आणि ड्रायव्हर असे तिघं झुडपांत शिरले. मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवला, मागच्या दाराकडं पाठ करून उभी राहिले आणि त्यांना ओरडून दिशा सांगू लागले. "डावीकडं! आणखी डावीकडं! आता सरळ!" तिकडून "हो" यायचा. माझा आवाज जात होता, त्यांचा येत होता, मधे माणूस एकही दिसत नव्हतं. त्या जागी किती वर्षांत कुणी कुणाला हाक मारली नसेल, असं मनात आलं आणि पुढची हाक मी जरा हळू मारली.

थोड्या वेळानं ड्रायव्हर पाण्याची कॅन न्यायला परत आला. मारुती सापडला होता, पण वेलीत गुरफटलेला. तो सोडवून धुवायचा होता. कॅन उचलता उचलता त्याची नजर पडद्यावर गेली आणि तो थांबला.

"म्याडम, गाडी तं उभी हाये."

"मग?"

"मंग हे टिकली कोण चालवून राह्यलं?"

मी बघितलं. टिंब सरकत होतं. गाडीच्या जागेवरून निघून पहिल्या काळ्या ठिपक्यापर्यंत गेलं होतं. मला हसू आलं. ही गोष्ट मला चांगली ठाऊक. गाडी एका जागी उभी राहिली, वर झाडं असली की उपग्रहांचा संदेश अडखळतो आणि टिंब आपल्याच जागी भरकटतं. माझ्या घराच्या गच्चीवर ते रात्रभर कोंबडीसारखं फिरलेलं आहे. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं, हातवारे करून. उपग्रह किती उंच, संदेश कसा येतो, पानांनी कसा विखुरतो. मुलांना सांगायची तसं. तो ऐकत होता, पण बघत पडद्याकडंच होता. टिंब दुसऱ्या ठिपक्याशी गेलं. जरा थांबलं. मग तिसऱ्याशी.

"घरोघर जाऊन राह्यलं," तो पुटपुटला, पडद्याला हात जोडले आणि कॅन घेऊन जवळजवळ पळालाच.

मी हसत राहिले. थोडा वेळ. मग हसू आपोआप थांबलं, कारण टिंब आता गल्लीत उतरलं होतं. जुन्या नकाशावर ती गल्ली तुटक रेघेनं काढलेली होती आणि टिंब तिच्याबरोबर चाललं होतं. भरकटणारं टिंब असं चालत नाही. ते इकडून तिकडं उड्या मारतं, गोधडीच्या टाक्यासारखं वेडंवाकडं जातं. हे पावलापावलानं जात होतं. गल्ली चिंचेपाशी वळली, टिंब वळलं. ज्या गावात माणूस उरलं नाही त्या गावातून कुणीतरी नेहमीच्या वाटेनं पाण्याला निघालं होतं. पुढं विहिरीचं वर्तुळ होतं. टिंब त्याच्या काठाला जाऊन टेकलं आणि थांबलं.

मी वाट बघितली. ते हललं नाही. भरकटणारं टिंब कधी थांबत नाही, हे मीच आत्ता सांगत होते.

मी टपावर हात फिरवला. नुसता पत्रा हाताला लागला. डबी नव्हती.

मागचं दार उघडं होतं. सीटवर फुलांचा हार होता आणि खाली नव्या कोऱ्या चपला, एकीशेजारी एक.

मी पळाले. या वयात, नऊवारीच्या बोंग्यात पळाले. गल्ली डोळ्यांना दिसत नव्हती, पण नकाशा डोक्यात होता. सरळ, मग चिंच, चिंचेपासून उजवीकडं. सीताफळाच्या फांद्या अंगावर येत होत्या. कुठल्याशा जोत्यावर आपटले, गुडघा फुटला, उठले. मी देव मानत नाही. त्या वेळी ज्याच्या त्याच्या विनवण्या करत होते.

विहिरीला कठडा नव्हता. दगडी तोंड जमिनीशी सपाट, आतल्या भिंतीतून पिंपळ उगवलेला. पोरगी काठावर बसली होती. पाय आत सोडलेले, शालू भोवती पसरलेला आणि हातात डबी. डबीचा निळा दिवा लुकलुकत होता. त्या उजेडात तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही.

मी तिच्याजवळ बसले आणि तिचं मनगट असं पकडलं की चुड्यातल्या दोन बांगड्या तडकल्या.

"काहून आली इथं?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"लघवीले आलती," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकत होते. "यवतमाळपासून लागलती. सांगाव कोणाले?"

"मंग वापस काहून नाही आली?"

तिनं डबी माझ्या मांडीवर ठेवली. "हे मुद्दाम संग घेतली. म्हटलं, तुले दिसन मी कुठं हाये ते. तू तं पाहूनच राह्यली होती ना त्याच्यात."

दुसऱ्या हातानं मी डबी मुठीत धरली.

"त्या घरायपाशी थांबून थांबून आली," ती पुढं म्हणाली. "म्हटलं, आता कोणी येईन. तुहा आवाज येऊन राह्यला होता. तू त्याले उपग्रह समजावत होती. मंग इथं येऊन बसली. आत वाकून पाह्यलं. पाणी हाये आत्या. लय खोल हाये, पण हाये. आभाळ दिसते त्याच्यात."

"मंग?"

"मंग तुह्या चपलीचा आवाज आला."

मी तिच्या थोबाडीत मारली आणि त्याच हातानं तिला पोटाशी ओढली. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही. ती मात्र अगदी शांत होती, त्याचीच जास्त भीती वाटत होती. मी म्हटलं, "चाल, वापस जाऊ बोरीले. आत्ताच्या आत्ता. मी सांगतो सगळ्यायले. कोण काय म्हणते ते मी पाहतो. तुले नाही जायचं तं नाही जायचं."

तिनं पाय विहिरीतून वर घेतले, पदर झटकला. "नाही जायचं असं नाही," ती म्हणाली. "जायचं का, हे तरी कुठं मले माहीत हाये." मग उठून उभी राहिली आणि मलाच हात दिला. "चाल. मारुती सापडला असन त्यायले."

आम्ही त्याच गल्लीनं परत आलो. मारुतीपुढं समई नव्हती म्हणून नवरदेवानं मोबाईलचा उजेड धरला होता. त्यानं तिच्या उघड्या पायांकडं बघितलं आणि काही न विचारता वाटेतले काटे चपलेनं बाजूला सारले. दोघं पाया पडले. मोठ्या मायनं आधी तडकलेल्या बांगड्या पाहिल्या, मग माझा गुडघा.

"कुठं होती?" तिनं मला बाजूला घेऊन विचारलं.

"विहिरीपाशी."

म्हातारी शेंदराचा हात पदराला पुसत राहिली. "मीबी तिथंच जाऊन बसली होती," ती म्हणाली. "सासूनं आणलं तवा."

एवढंच बोलली आणि गाडीकडं चालू लागली. पुढच्या शिवा मी सांगितल्या नाहीत, तिनं विचारल्या नाहीत. लिंबांची पिशवी पायाशी पडून राहिली. सासरचं दार येईपर्यंत म्हातारीनं पोरीचा एक हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि दुसरा मी.

मी तिथं ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिले. पाठराखीण एवढी चिकट असते का, म्हणून त्यांच्या बायका हसल्या. हसोत. रात्री पोरगी कूस बदलली तरी मला जाग येई. नवरदेवाला मी एकट्याला गाठून सांगितलं, हिला गप्प बसू देऊ नको, आणि गप्प बसलीच तर तिथून उठू नको. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मान हलवली, पण त्याची मान होकाराचीच होती.

पुढं पोरगी बोलायला लागली. आता तर दुकानात तीच बसते, गिऱ्हाइकाला बियाण्याची एवढी माहिती देते की तो कंटाळून घेऊन टाकतो. नवऱ्याला सगळ्यांसमोर चिडवते. मोठ्या मायचे पाय चेपते आणि तिच्याशी भांडतेही. भाऊ म्हणतो, "पाहाय ताई, उगाच घाबरलो होतो." त्याला मी काही सांगितलेलं नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. ती तूर पाखडत होती, कुठल्याशा मैत्रिणीची नक्कल करून मला हसवत होती. हसता हसता मी विचारून टाकलं, कारण तो प्रश्न माझ्या छातीवर बसून होता आणि तो विचारल्याशिवाय मला मरण आलं असतं तर मी तशीच तळमळत गेले असते. म्हटलं, "त्या दिवशी माही चप्पल वाजली नसती तं?"

सूप तिच्या हातात थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी मायेनं बघितलं.

"चहा मांडू का, आत्या?" ती म्हणाली आणि उठून आत गेली.